पावसात कोरडा राहिलेला लांडगा

चौदा मिनिटांचा लघुपट, दीड लाखाच्या आतला खर्च, रानातला रात्रीचा प्रसंग, आणि लांडगामानवाचा मुखवटा करावा की तो नंतर संगणकावर घालावा, हा तुमचा प्रश्न वाचला. त्याच्या शेवटी ‘तूर्त चित्रीकरण उरकून घेऊ, लांडग्याचे मग बघू’ असे तुम्ही लिहिले आहे. नेमके हेच वाक्य मी २०१४ च्या ऑगस्टमध्ये वेल्ह्याजवळच्या एका शेतात छत्री धरून उच्चारले होते, म्हणून हे जरा लांबलचक उत्तर.

आधीच सांगतो, मी चित्रपट व्यवसायातला नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप तयार करणे हा माझा धंदा, आणि वेअरवुल्फचे, म्हणजे लांडगामानवाचे, सुळे करून देता देता मी या नादाला लागलो. संगणकीय दृश्ये करून पोट भरणाऱ्यांना माझी काही मते एकांगी वाटतील. ती एका हौशी माणसाची आणि एका फसलेल्या लघुपटावरची आहेत, हे धरून चालावे.

तुम्ही आवडते लांडगे विचारले आहेत. माझ्या लेखी पहिला मान १९८१ च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’चा. दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी रूपांतराचा, म्हणजे माणसाचा लांडगा होण्याचा, प्रसंग अंधारात न लपवता दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत घेतला आणि रंगभूषाकार रिक बेकर यांना लपायला जागाच ठेवली नाही. हाताचा पंजा लांबतो, पाठीचे मणके वर येतात, आणि त्वचेतून केस उगवतात ते तर बनावट त्वचेतून केस आत ओढून घेऊन ते चित्रण उलटे चालवलेले आहे. युक्ती इतकी साधी, की ती कळल्यावरही दृश्य फिके पडत नाही. रंगभूषेसाठीचे ऑस्कर त्या वर्षी प्रथमच नियमित पारितोषिक म्हणून दिले गेले आणि ते बेकर यांना मिळाले. तिथला पूर्ण लांडगा चार पायांवर चालतो. आतला माणूस फळीवर पालथा झोपून पुढचे पाय हातांनी चालवतो आणि मागून त्याला ढकलगाडीसारखे ढकलतात. म्हणूनच तो क्षणभरच दिसतो, आणि तेवढाच पुरतो.

त्याच वर्षी थोडा आधी आलेल्या ‘द हाउलिंग’मध्ये बेकर यांचेच शिष्य रॉब बॉटिन यांनी कृत्रिम त्वचेखाली हवेच्या पिशव्या फुगवून चेहरा उकळल्यासारखा हलवला. तो लांडगा दोन पायांवर उभा, कान ताठ, उंची अंगावर येणारी. मला आकार म्हणून बॉटिन यांचा लांडगा अधिक आवडतो आणि वेदना म्हणून बेकर यांचा. ‘डॉग सोल्जर्स’मधले (२००२) उंच, काटक लांडगे नर्तकांच्या पायांना काठ्या (स्टिल्ट्स) बांधून साकारले होते आणि त्यांची हालचाल पोशाखातल्या माणसासारखी वाटत नाही, हे कमी खर्चात काम करणाऱ्याने मुद्दाम पाहावे. रंगभूषाकार जॅक पीअर्स यांनी १९४१ मध्ये लॉन चेनी ज्युनियरच्या चेहऱ्यावर याकचे केस चिकटवून केलेला ‘वुल्फ मॅन’ आज मला कुत्र्यापेक्षा अस्वलाच्या जवळचा वाटतो, पण डोळे माणसाचे राहिल्यामुळे त्याची कणव येते. भीतीपेक्षा कणव टिकते.

संगणकावरचे सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. ‘भेडिया’मधल्या (२०२२) लांडग्याला वजन आहे, तो जमिनीवर पाय टेकवतो तेव्हा जमीन ते मान्य करते. याउलट १९९७ च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस’मधले लांडगे आज घसरत चालल्यासारखे दिसतात. सर्वांत बोचरे उदाहरण २०१० च्या ‘द वुल्फमॅन’चे: रंगभूषेचे ऑस्कर बेकर आणि डेव्ह एल्सी यांना मिळाले, आणि रूपांतराचे प्रसंग मात्र मुख्यतः संगणकावर केले गेले. ज्याने हे शास्त्र उभे केले त्याच्याच हातून तो भाग काढून घ्यावा, हे मला अजून पटलेले नाही.

आता माझी चूक. आमच्याकडे मुखवटा होता. फोम लेटेक्सचा, म्हणजे फेसाळ रबराचा, एका ओळखीच्या शिल्पकाराने दोन महिने खपून केलेला, ३८ हजारांचा. सुळे माझे, खालच्या ओठावर लाळ दिसावी म्हणून ॲक्रिलिकवर घातलेली चकाकी माझी. आदल्या रात्री कुणीतरी तो अंगणात ट्यूबलाइटखाली धरून मोबाइलवर फोटो काढला आणि गटात पाठवला. फोटोत तो बालनाट्यातल्या कोल्ह्यासारखा दिसत होता. ट्यूबलाइटखाली समोरून कुठलाही मुखवटा तसाच दिसतो. त्याला मागून प्रकाश लागतो, ओले केस लागतात, हालचाल लागते. हे मला तेव्हा कळायला हवे होते, कारण दाताची छटासुद्धा आम्ही ट्यूबलाइटखाली ठरवत नाही. पण सगळे घाबरले, मीही घाबरलो, आणि लांडगा नंतर संगणकावर घालायचे ठरवून, सकाळी पोशाखातल्या मुलाला एस.टी.ने परत पाठवून आम्ही बांबूच्या टोकाला टेनिसचा चेंडू लावला. अभिनेत्याला सांगितले, हा लांडगा समज.

नुकसान तिथेच झाले, पुढचे सगळे त्याची फळे. चाचणीच्या दिवशी त्या मुलाने पोशाख घालून अभिनेत्याचा खांदा धरला होता तेव्हा शर्ट चुरगळला होता, मान आपोआप आखडली होती आणि श्वास खरोखर अडकला होता. चेंडूसमोर यातले काही घडले नाही. नजर चेंडूवर खिळलेली, चेहऱ्यावर भीतीऐवजी एकाग्रता, आणि खांद्यावरचा शर्ट इस्त्रीचा. त्यातच पाऊस आला. आम्हाला आनंद झाला, कारण पावसात रान सुंदर दिसते. पण संगणकावरचा लांडगा दृश्यात बसवायला लागणारी कसलीच तयारी नव्हती: कॅमेरा हातात धरलेला, माणसांशिवायची रिकामी चौकट एकदाही घेतलेली नाही, प्रकाश कोणत्या बाजूने किती होता याची नोंद नाही, करडा आणि चकचकीत गोळा कॅमेऱ्यासमोर धरून प्रकाशाचा संदर्भ घेतात हे आम्हाला ठाऊकच नाही.

मग संगणकीय दृश्ये करणाऱ्या ज्या स्टुडिओकडे गेलो त्याचे नाव लिहीत नाही. त्यांनी ७० हजार सांगितले, निम्मे आगाऊ घेतले आणि तीन आठवड्यांनी करड्या पार्श्वभूमीवर गोल फिरणारा लांडगा दाखवला. तो अप्रतिम होता, आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हालाही असा फिरणारा लांडगा दाखवतील. टाळ्या राखून ठेवा, कारण मोकळ्या करड्या जागेत फिरणारा प्राणी आणि तुमच्या चौकटीत, तुमच्या प्रकाशात, तुमच्या माणसाला स्पर्श करणारा प्राणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणखी दोन महिन्यांनी आमच्या दृश्यांत बसवलेला लांडगा आला. धो धो पाऊस, चिंब अभिनेता, आणि त्याच्यामागे शाम्पू करून वाळवल्यासारखा फुललेला, ठणठणीत कोरडा लांडगा. मी विचारले तर उत्तर मिळाले की ओले केस मूळ यादीत नव्हते. ओला केस एकेकटा राहत नाही, त्याच्या बटा होतात, त्या अंगाला चिकटतात, टोकाशी थेंब धरतात. म्हणजे केसांची रचना, त्यांची हालचाल आणि चकाकी सगळेच नव्याने करावे लागते, हे मला आज समजते आणि त्याचे वेगळे पैसे होणे रास्त आहे हेही मान्य आहे. पण पावसाचे चित्रण पहिल्या दिवसापासून ज्यांच्या हातात आहे त्यांनी लांडगा भिजणार का, एवढे विचारायला काय हरकत होती? दर वेळी फोन नव्या मुलाने उचलायचा, त्याने आधीचे काहीच माहीत नसल्याचे सांगायचे, आणि शेवटी एक लाख दहा हजार भरून आम्हाला अर्धवट ओलसर लांडगा मिळाला. शर्ट तरीही चुरगळला नाही, तो चुरगळणार कुठून!

घरी पहिल्यांदा दाखवला तेव्हा आईने एवढेच विचारले, “तो भिजत कसा नाही रे?”

त्यामुळे मुखवटा की संगणक, हा प्रश्नच मी तुमच्या जागी थोडा पुढे ढकलेन आणि आधी लांडग्याला कोणत्या प्रकाशात, किती वेळ आणि कुणाला स्पर्श करताना दाखवायचे ते कागदावर ठरवेन. ते ठरल्यावर निदान डोके, एक हात आणि खांदे खरे करून घ्या आणि चित्रीकरणात ते अभिनेत्यासमोर उभे करा. संगणकाला जोडकाम द्या: पोशाखाची शिवण पुसणे, कान हलवणे, डोळ्यांत चमक घालणे, पायांचा सांधा उलटा दाखवणे. दीड लाखात हे काम कुणीही नीट करील. संपूर्ण केसाळ प्राणी नीट करणारे त्या पैशात भेटणार नाहीत, आणि भेटलेच तर मला शंका येईल. माझे हे मत २०१४ च्या सुमाराच्या खर्चावर आधारलेले आहे, तेव्हा दोन ठिकाणी विचारून खात्री करा, आणि विचारताना पाऊस, धूर, चिखल, स्पर्श या चारही गोष्टी लेखी यादीत घाला.

दातांबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. बाजारातले तयार सुळे घेऊ नका. ते ओठ पुढे ढकलतात आणि लांडगा बोबडा बोलतो. अभिनेत्याच्या दातांचे माप दंतवैद्याकडून घ्या आणि त्यावर पातळ पट्टी बसवून घ्या. सुळे पांढरेशुभ्र नकोत, हिरडीकडे पिवळट आणि टोकाकडे किंचित पारदर्शक हवेत. चेहऱ्याचा साचा घेणार असाल तर आधी अल्जिनेट (दातांचे माप घ्यायला वापरतात तो मऊ लगदा) आणि त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. नुसते प्लास्टर चेहऱ्यावर कधीही नको, ते घट्ट होताना तापते. नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, हे पाहायला एक माणूस सतत समोर हवा. लेटेक्सची ॲलर्जी असते, तेव्हा आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा. रंगीत लेन्स घालणार असाल तर नेत्रतज्ज्ञाशिवाय नको.

आमचा मुखवटा माळ्यावर आहे. फोम लेटेक्स दमट हवेत टिकत नाही. नाकाचा शेंडा आता बोट लावले की भुकटी होतो, सुळे मात्र शाबूत आहेत. तुमची चाचणी झाली की चित्रण मागून प्रकाश टाकून आणि केसांवर पाणी मारून घ्या, आणि ट्यूबलाइटखालचा फोटो कुणालाही काढू देऊ नका.