बाथरूमच्या छताचं टेक्श्चर सुटतंय, काय करू?

प्रश्न: आमच्या बाथरूमच्या छताला दाणेदार टेक्श्चर आहे. शॉवरच्या वरचा ताटाएवढा भाग फुगून पोपडे पडायला लागलेत, बाजूला पिवळट डाग पण आलाय. पेंटर म्हणतो अख्खं छत खरवडून प्लेन करा. तेवढाच भाग दुरुस्त होईल का, की ठिगळ लावल्यासारखं दिसेल?

उत्तर: होईल की! अख्खं छत खरवडायची गरज नाही, पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर केलेलं सगळं काम परत खाली येणार. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा आणि थोडे दिवस बघा. आंघोळ न करताही डाग रेघेबाहेर पसरला तर वरून गळती आहे, पाइप किंवा वरच्या मजल्याची फरशी बघायला लागेल. डाग आहे तेवढाच राहिला पण गरम पाण्याच्या आंघोळीनंतर छतभर थेंब धरतात आणि कोपऱ्यात काळे ठिपके आहेत, तर वाफेचं काम आहे. मग एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि तो आंघोळीनंतर पण पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. घर जुनं असेल तर खरवडायची घाई करू नका. 1980 च्या दशकापर्यंत बऱ्याच देशांत अशा टेक्श्चरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस घालायचे, त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचे आजार कित्येक वर्षांनी निघतात आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. लॅबमधून तपासून घ्या, निघालं तर हात न लावता त्यातल्या जाणकारांना बोलवा.

नसेल तर मग काम तसं सोपं आहे. छतातल्या लाइट-फॅनचा मेन बंद करा, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. सुटलेल्या भागावर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे धूळ उडत नाही, आणि पुट्टीचा पत्रा आडवा धरून जेवढं सहज निघतंय तेवढंच काढा, घट्ट बसलेल्याला छेडू नका. मग अंगठ्याने दाबून बघा. जिप्सम बोर्ड असेल आणि तो मऊ लागला तर तेवढा तुकडा कापून नवीनच बसवायचा, त्याच्यावर पुट्टी टिकत नाही. कडा सॅंडपेपरने उतरत्या करा आणि पूर्ण वाळू द्या, इथेच सगळे घाई करतात!

वाळल्यावर डाग दाबणारा ऑइल बेस प्रायमर, त्यावर पुट्टीचे पातळ पातळ हात. पुट्टी पावडरची, पाण्यात कालवून घट्ट होणारी घ्या, डब्यातली तयार पुट्टी ओल लागली की परत मऊ पडू शकते.

ठिगळ दिसणार की नाही ते शेवटच्या टप्प्यात ठरतं. बॅटरीचा उजेड छताला लागून आडवा पाडा म्हणजे जुन्या दाण्यांचा आकार नीट कळतो. टेक्श्चरचा स्प्रे आधी पुठ्ठ्यावर मारून बघा, लांबून मारला तर दाणा विरळ पडतो आणि जवळून मारला तर एका जागी साचतो, जुन्याशी जुळतंय असं वाटलं की मगच छताला. कमीच मारा, वाळल्यावर कमी वाटलं तर अजून मारता येतं, जास्त झालं तर परत खरवडा. ब्रशने किंवा स्पंजने टिपून उठवलेलं डिझाइन असेल तर स्प्रे नको, पातळ पुट्टी लावून ओली असतानाच तसंच टिपायचं. शेवटी रंग मात्र अख्ख्या छताला द्या, नुसत्या पॅचला दिला तर चमक वेगळी दिसते.

प्रश्न: गळती बंद झाली, छत वाळलं, दोनदा रंग मारला तरी पिवळा डाग परत वर येतो. असं का?

उत्तर: पाण्यात कालवायच्या रंगात तो डाग विरघळून वर येतो, कितीही हात मारा. आधी ऑइल किंवा शेलॅकचा (म्हणजे लाखेचा) डाग रोखणारा प्रायमर, तो वाळला की तोच नेहमीचा रंग चालेल. काळी बुरशी असेल तर ती प्रायमरच्या आधी ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसून काढा, पण ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी गॅस होतो. खिडकी उघडी ठेवूनच करा.