हवा नाही तिथे ‘हवामान’ कसं?

लातूरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: सौरवादळाच्या, म्हणजे सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाच्या, बातम्यांत ‘अवकाश हवामान’ (स्पेस वेदर) हा शब्द येतो; पृथ्वीभोवतीच्या अवकाशात बहुधा सूर्यामुळे होणारे बदल, असा त्याचा अर्थ. नववीतली एक मुलगी म्हणाली, “वर हवाच नाही, मग हवामान कुठलं?” त्याऐवजी ‘अवकाश स्थिती’ म्हणावं का?

मुलीने शब्द उकलून पाहिला, याचा फार आनंद झाला. तरी माझं मत ‘हवामान’लाच.

‘हवा’ अरबीतून आलेला, ‘मान’ संस्कृत. ‘पर्जन्यमान’, ‘तापमान’ यांतला. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला वाचणारा शेतकरी हवा मोजत नसतो. फवारणी आज करू की उद्या, काढलेलं सोयाबीन झाकू का, एवढंच त्याला हवं असतं. आपल्या कामात आडवं येणारं, सारखं पालटणारं, ज्याचा अंदाज घ्यावा लागतो ते हवामान. ‘स्थिती’ या शब्दात ही धाकधूक नाही.

शिवाय वर हवा अगदीच नाही असंही नाही. 3 फेब्रुवारी 2022 रोजी इंटरनेट पुरवणारे 49 स्टारलिंक उपग्रह सोडले गेले, जेमतेम 210 किलोमीटर उंचीवर. सौरवादळाने वरची विरळ हवा तापून फुगली, उपग्रहांना होणारा विरोध वाढला आणि 38 उपग्रह खाली येऊन जळाले. मुलीला हे जरूर सांगा. याच फुगलेल्या हवेमुळे खालच्या कक्षेतला कचराही, म्हणजे निकामी उपग्रह आणि रॉकेटांचे तुकडे, लवकर खाली येतो.

हे हवामान माणूसही बिघडवू शकतो. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि किरणोत्साराचा एक कृत्रिम पट्टाच तयार झाला. दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या टेलस्टार या दळणवळण उपग्रहाला त्याचा मार बसला, काही महिन्यांत तो बंद पडला. याला ‘मानवनिर्मित अवकाश हवामान’ म्हणायला मी कचरणार नाही.

‘अवकाश कचरा’ मात्र वेगळा ठेवावा. 2022च्या गुढीपाडव्याला रात्री आभाळातून जळत गेलेले तुकडे अनेकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. ती वस्तू होती, हवामान नव्हे. दोन्ही ‘अवकाश प्रदूषण’ या एकाच पोत्यात भरले, तर वर्गात गोंधळ होईल.

आणि ‘आभाळ’ शब्दाकडेच बघा. तो आला ‘अभ्र’ म्हणजे ढग यातून. “आभाळ आलंय” म्हणतो तेव्हा आपण अजून ढगच म्हणत असतो. पण “आभाळ निरभ्र आहे” हेही तितक्याच सहज म्हणतो, आणि तिथे ढग कुठे आहे असं कुणी विचारत नाही.