गर्दीतला गुंड कोणता आणि आपलं पोट्टं कोणतं

या महिन्यात फुटबॉलचीच पत्रं जास्त आली, तेही खेळण्याबद्दल कमी आणि बघायला जाण्याबद्दल जास्त. गुडघेदुखी, क्रिकेट अकॅडमीची फी आणि उंची वाढवायच्या पावडरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, रागावू नका.

प्रश्न : सर, माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो आणि त्याचे दोन मित्र मोहन बागान-ईस्ट बंगालची मॅच बघायला कोलकात्याला जाऊन राहिले, गीतांजलीचं तिकीटसुद्धा काढून बसले. मी मोबाईलवर युरोपातल्या मारामारीचे व्हिडीओ बघितले, खुर्च्या काय फेकतात, तोंडाला फडकं बांधून एकमेकांना तुडवतात काय. याचे बाबा म्हणतात जाऊ दे. मला झोप नाही. पाठवू का? (एक आई, महाल)

उत्तर : ताई, पाठवा. पण झोप उडाली आहे तर ती योग्य गोष्टीसाठी उडू द्या, म्हणून जरा लांबड लावतो.

ते तोंडाला फडकं बांधणारे असतात, नाही म्हणत नाही. पण त्यातले बरेचसे आपसात ठरवून भिडतात आणि तुमच्या पोट्ट्यात त्यांना काही इंटरेस्ट नसतो. मॅच बघायला गेलेला साधा माणूस जिथे जिथे मोठ्या संख्येने मेला तिथली चौकशी वाचत गेलं की गुंड कधी असतो कधी नसतो, पण बंद गेट, अरुंद बोगदा, जाळी, पडकी भिंत आणि घाबरलेला पोलीस यातलं काहीतरी हटकून सापडते.

२९ मे १९८५, ब्रसेल्सचं हेझेल स्टेडियम, युव्हेंटस विरुद्ध लिव्हरपूल, युरोपियन कपची फायनल. तिथे गुंडगिरी खरीच होती, लिव्हरपूलचे लोक बाजूच्या स्टँडवर धावून गेले. पण तो बाजूचा झेड ब्लॉक तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवलेला, त्यात इटलीवाले घरच्या लोकांसोबत येऊन बसलेले, मधे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, आणि स्टेडियम इतकं जुनं का लोक पळून भिंतीकडे गेले तर भिंतच पडली. ३९ लोक गेले. नंतर इंग्लंडचे सगळे क्लब पाच वर्षं युरोपातून बाहेर आणि लिव्हरपूल सहा.

आता याचा पुढचा भाग बघा. इंग्लंडात आधीपासूनच प्रेक्षक म्हणजे गुंड असं समजून मैदानाच्या कडेला पिंजऱ्यासारख्या जाळ्या लावलेल्या होत्या. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरोवर लिव्हरपूल-नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं गेट उघडलं, लोक सरळ समोरच्या बोगद्यात शिरले, आणि बोगदा ज्या मधल्या कप्प्यांत निघतो ते आधीच गच्च भरलेले. मागून येणाऱ्याला पुढचं दिसत नाही, पुढच्याला जाळीमुळे बाहेर पडता येत नाही. ९७ लोक मेले, शेवटचा माणूस तर ३२ वर्षांनी, २०२१ मधे, त्याच दुखण्याने गेला. आणि पोलिसांनी पहिल्याच दिवशी काय सांगितलं? प्रेक्षकांनी गेट तोडलं म्हणून. हे खोटं आहे हे ज्युरीच्या तोंडून यायला २०१६ साल उजाडलं, त्यांनी लिहून दिलं का हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात हात नव्हता. २७ वर्षं, ताई. कोणाची आई तेवढी जगली, कोणाची नाही.

म्हणून मी पोट्ट्यांना सांगतो, दंगेखोर कोण ते बघत बसू नका, आधी गेट बघा.

कोलकात्याचंच घ्या. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन टीमची मॅच होती, मैदानावर खेळाडू भिडले, मग स्टँडमधे लोक भिडले, पळापळ झाली आणि १६ जण घरी परतले नाहीत. तिकडे तो दिवस अजून फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात, रक्तदान करतात. आणि १९९७ मधे सॉल्ट लेकला याच दोघांची फेडरेशन कपची सेमीफायनल बघायला सव्वा लाखाच्या वर माणूस होता, बायचुंग भुतियाने तीन गोल मारले, ईस्ट बंगाल ४-१ जिंकलं, आणि लोक ढकलाढकली करत का होईना घरी गेले. म्हणजे गर्दी मोठी म्हणून माणूस मरतोच असं नाही.

आता कामाचं. हावडा स्टेशनवरून मेट्रो आता थेट सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत जाते, टॅक्सीवाल्याशी हुज्जत नको. तिकीट कोणत्या बाजूचं आहे ते आधी बघून घ्या, मोहन बागानचा हिरवा-मरून शर्ट घालून ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्यांत जाऊन बसायचं शहाणपण करू नका म्हणावं, आणि आपल्या पोट्ट्यांना कोणत्याच टीमशी घेणं नसेल तर साधा शर्ट बरा. तासभर आधी आत, आणि बसल्यावर पहिलं काम म्हणजे आलो ते सोडून दुसरा रस्ता कुठे आहे ते बघणे. शिटी वाजली का लगेच उठायचं नाही, वीस मिनिटं बसून राहायचं, भल्ली गर्दी त्या वीस मिनिटांतच असते. गर्दीत सापडलेच तर हात छातीसमोर आडवे घ्या, बॉक्सर धरतो तसे, कारण अशा गर्दीत माणूस तुडवून कमी आणि छाती दबून जास्त मरतो, उभ्या उभ्या. लोंढ्याच्या उलट जोर लावायचा नाही, दोन धक्क्यांच्या मधे तिरपं तिरपं कडेला सरकायचं. चप्पल पडली, मोबाईल पडला, पडू द्या. वाकायचं नाही म्हणजे नाही.

मुक्काम करायला लावा, गीतांजली दुसऱ्या दिवशी दुपारची आहे, रात्री प्लॅटफॉर्मवर लोळायची हौस नको. रेल्वेत काही झालं तर १३९, बाहेर ११२. आणि ईस्ट बंगाल जिंकलं तर बाजारात इलिश माशाचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकलं तर कोळंबीचा, असं तिकडचे लोक हसत हसत सांगतात, तेव्हा पोट्ट्यांना एखादं ताट नक्की खाऊ द्या. नाहीतर आपले लोक कोलकात्याला जाऊन पोहे शोधतात.

प्रश्न : सर, मी पुढच्या वर्षी एमएससीला लीड्सला जाऊन राहिलो. मला अवे मॅचेस करायच्या आहेत, म्हणजे आपल्या टीमसोबत दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन बघायच्या आहेत. तिथे किती डेंजर आहे? आणि आपल्या माणसाला त्रास होतो का? (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : भाऊ, आधी थिसिस करा. बरं, मॅच.

ऐंशीच्या दशकातलं इंग्लंड आता तसं राहिलं नाही. हिल्सबरोनंतर चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर साहेबांचा रिपोर्ट आला, जाळ्या निघाल्या, वरच्या डिव्हिजनमधे उभं राहायचे स्टँड जाऊन खुर्च्या आल्या. बाहेरून येणाऱ्यांना वेगळा कोपरा, वेगळं गेट. तिकीट तुमच्या स्वतःच्या क्लबकडूनच घ्यायचं, तेही आधी किती मॅचला गेलात त्यावर नंबर लागतो, म्हणजे पहिल्या वर्षी मिळेलच असं नाही. प्रीमियर लीगमधे अवे तिकीट २०१६ पासून ३० पौंडांच्या वर विकता येत नाही, ही मात्र चांगली सोय. नाही मिळालं म्हणून होम स्टँडचं तिकीट ब्लॅकमधे घेऊन आपल्या टीमचा गोल झाल्यावर उठून नाचलात तर स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचे बंदोबस्तवाले, उचलून बाहेर ठेवतील, आणि ते तुमच्याच भल्याचं असेल.

भीती मारामारीपेक्षा कागदाची धरा. मैदानात धावत जाणं हा तिथे गुन्हा आहे, गंमत नाही. मॅचसाठी म्हणून भाड्याने केलेल्या बसमधे दारू नेता येत नाही, हा कायदा १९८५ चा. कोर्टाने बॅनिंग ऑर्डर काढली तर तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत मैदानाचं तोंड बघायचं नाही, आणि तुम्ही तर व्हिसावर. रंगावरून शिवीगाळ करणारे भेटतात, खोटं काहून सांगू, तेव्हा वाद न घालता स्टुअर्डला सीट नंबर सांगायचा.

एक मात्र लक्षात ठेवा, देश श्रीमंत म्हणून बंदोबस्त शहाणा असतोच असं नाही. २८ मे २०२२ ला पॅरिसला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, लिव्हरपूल-रेआल माद्रिद. तिकीट हातात घेतलेले लोक, पोरंबाळं, म्हातारे, बंद गेटसमोर तासन् तास उभे, वरून अश्रुधूर आणि पेपर स्प्रे, मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू. सरकारने लगेच सांगून टाकलं का नकली तिकीटवाल्या इंग्रजांमुळे झालं. पुढच्या फेब्रुवारीत स्वतंत्र चौकशीचा रिपोर्ट आला तर त्यात मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेची निघाली, आणि लोक मेले नाहीत ते लोकांच्या स्वतःच्या सबुरीमुळे. त्यातल्या कित्येकांना हिल्सबरो ठाऊक होतं ना, म्हणून ढकललं नाही कोणी.

प्रश्न : आमच्या भागात दोन गावांच्या टीममधे दरवर्षी राडा होतो. या वेळी कमिटीत ठराव आणून राहिलो का बाहेरगावच्या पाठीराख्यांना येऊच द्यायचं नाही. न राहे बांस. तुमचं मत? (कमिटी मेंबर, कामठी रोड)

उत्तर : माझं मत विरोधात आहे आणि ते जरा वैयक्तिक आहे, तर ते आधी सांगतो.

नव्वदच्या दशकात आमची शाळेची जुनी पोट्टी एका टेम्पोत बसून एका तालुक्याच्या गावी मॅचला गेली, मी सोबत, गावाचं नाव घेत नाही. २-१ ने जिंकलो. निघताना मागून दगड आले, एक टेम्पोच्या पत्र्यावर वाजला, दुसरा आमच्या गोलीच्या काकांच्या कपाळावर. हे काका डबा घेऊन आलेले, सत्तरीचे, फुटबॉल कळत नव्हता, पुतण्या खेळतो म्हणून आलेले. पोलीस आले आणि दगड मारणारे पळाले म्हणून टेम्पोतल्या सगळ्यांना ठाण्यासमोर ओळीने बसवलं, काकांनासुद्धा, कपाळावर रुमाल, मांडीवर तो स्टीलचा डबा. रात्री साडेनऊला सोडलं. मी हवालदाराला विचारलं आमची चूक काय तर म्हणे, "तुम्ही आलेच नसते तर झालं असतं का?"

तुमचा ठराव तेच म्हणून राहिला, भाऊ.

आणि येऊ न दिल्याने होते काय ते पण बघा. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियात मलांगचं कांजुरुहान स्टेडियम. अरेमा विरुद्ध पर्सेबाया, वैर जुनं, म्हणून पर्सेबायाच्या पाठीराख्यांना येऊच दिलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या बाजूचा एक माणूस नाही. घरची टीम हरली, काही पोट्टे मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडवर अश्रुधूर सोडला जो फिफाच्या नियमात स्टेडियममधे चालतच नाही, लोक अरुंद गेटकडे धावले आणि १३५ मेले. अर्जेंटिनात २०१३ पासून लीगमधे बाहेरच्यांना बंदी घातली, तर तिथे एकाच क्लबच्या दोन टोळ्या आपसात लढायच्या थांबल्या नाहीत, कारण पार्किंगचे आणि तिकिटांचे पैसे कोणी खायचे यावर ते भांडण होतं. बांस वेगळाच होता.

२००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या पोलिसांनी बऱ्याच शहरांत हेल्मेट-ढाल गाडीत ठेवली आणि साध्या वर्दीत लोकांत फिरले, बोलले, जो गडबड करेल त्या एकालाच धरलं. जिथे असं केलं तिथे इंग्लंडसारख्या बदनाम पाठीराख्यांनीही फार काही केलं नाही. सगळ्या टेम्पोला ओळीने बसवलं तर टेम्पोतले सज्जनही दगडवाल्यांच्या बाजूने बोलायला लागतात, हे मी त्या रात्री स्वतःच्या तोंडून ऐकलं.

तुमच्या कमिटीने एवढं करावं. पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने आणा आणि त्याच रस्त्याने आधी काढून द्या, तेवढा वेळ आपल्या लोकांना बक्षीस समारंभात अडकवून ठेवा (आमदार साहेबांचं भाषण इथे कामी येते). दोन्ही गावचे पाच-पाच वयस्क माणसं पट्टा बांधून उभे करा. गेटची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असू नये. बंगळूरला ४ जून २०२५ ला आरसीबी या क्रिकेट टीमच्या विजयोत्सवात ११ पोरं मेली, तिथे तर मॅचही नव्हती आणि दुसरी टीमही नव्हती, फक्त गेट होतं आणि बाहेर लाखो लोक.

प्रश्न : अवे मॅचला ढोल नेला तर चालते का? (एक ढोलवाला, सदर)

उत्तर : आयोजकांना आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी काडी काढून घेतात. ढोल जमा करावा लागला तर पावती घ्या. आमचा त्या टेम्पोसोबत ठाण्यात गेला तो गेलाच, पावती कोणी घेतली नव्हती.