मारामारीचं संगीत, पडद्याविना

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की, ॲक्शन सिनेमांसाठी मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेलं पार्श्वसंगीत एकदा सिनेमा बाजूला ठेवून, नुसतं कानांनी ऐकून बघा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की, मी जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आलो आणि आता पोरांना शिकवतो. माझी उत्तरं वाजवणाऱ्याच्या बाजूनं येतात.

प्रश्न : सर, मी उदगीरला बी.एस्सी.ला आहे. अभ्यास करताना असलं संगीत लावते. शब्द नसतात, त्यामुळे मन भरकटत नाही. पण आई म्हणते, "सगळं सारखंच वाजतंय, नुसता दणदणाट." मलाही दोन तुकड्यांतला फरक सांगता येत नाही. नेमकं ऐकायचं काय?

उत्तर : बाळा, आधी आवाज निम्म्यावर आण. हळू आवाजातही जे संगीत तुला खुर्चीच्या टोकावर आणतं, ते नीट बांधलेलं आहे. आवाज कमी केल्याबरोबर ज्याचा जीव जातो, ते सोडून दे. निवड करताना मी दुसरी कसोटी लावत नाही. ॲक्शनच्या संगीतातली धावपळ मात्रांच्या मांडणीत असते आणि कोणतं वाद्य कधी गप्प बसतं, त्यात असते. ढोलाचा आकार त्यानंतर.

मग ऐकताना एक गोष्ट शोध : पळतंय कोण आणि ललकारी कोण देतंय? व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनचाच जाड आवाजाचा थोरला भाऊ) वाजवणाऱ्यांना श्वासासाठी थांबावं लागत नाही. गज खाली गेला की वर येतो, हात दमेपर्यंत चालतं. म्हणून तेच तेच चार-सहा सूर घोळवत राहायचं काम त्यांच्याकडे असतं. तबल्याच्या सोलोला पेटीवर नगमा धरतात ना, तसं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न या पितळी वाद्यांचं तसं नाही. ट्रम्पेटचा वरचा सूर ओठ आवळून, पोटातून हवा लोटून काढावा लागतो. वरातीत तासभर वाजवलं की ओठ बधिर होतात आणि सूर जागेवरून घसरायला लागतो. ज्याला वाद्य कळतं, तो संगीतकार ट्रम्पेटला सारखं पळवत नाही. चार सूर देतो, जागा सोडतो, पुन्हा चार देतो. त्या सोडलेल्या जागेत कान घाल. वर पितळ थांबलेलं असतं आणि खाली चेलो धावतच असतात. ते ऐकू आलं की दोन तुकड्यांतला फरक तुला आपोआप कळू लागेल.

सुरुवात 'सैराट'नं कर. तो मारामारीचा सिनेमा नव्हे, पण अजय-अतुल यांनी २०१६च्या या सिनेमाचं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत, त्यामुळे शब्द सोडून मागचे व्हायोलिन ऐकायला सोपं जातं. त्यानंतर जॉन विल्यम्स यांचं 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) घे. वाजवलंय लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं. नायकासाठी विल्यम्स यांनी दोन धुना केल्या होत्या. दिग्दर्शक स्पिलबर्ग यांना दोन्ही आवडल्या, म्हणून सिनेमाच्या मार्चमध्ये, म्हणजे कवायतीच्या चालीवरच्या तुकड्यात, एक आधी येते आणि दुसरी तिच्या पाठोपाठ. हा मार्च पाठ झाला की वाळवंटातल्या ट्रकच्या पाठलागाचा साताठ मिनिटांचा तुकडा लाव. तिथे ती धून सलग मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी डोकावते. पडदा समोर नसतानाही नायकाची सरशी कधी होतेय, हे तुला सांगता येईल.

आणि आईला एक उलटं उदाहरण ऐकव. 'द डार्क नाइट' (२००८) मधल्या जोकर या खलनायकासाठी हान्स झिमर यांनी चेलोचा जवळजवळ एकच सूर घेतला. तो ताणत जातो, ताणत जातो, पण तुटत नाही. त्यात ना धून, ना दणका. घरात कुणी नसताना हळू आवाजात लावलास तर मधेच उठून दार बघून येशील.

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातले हलगीवाले. पोरांनी 'मिशन इम्पॉसिबल'ची धून मोबाइलवर लावली आणि म्हणाले, धरा हलगीवर. लई प्रयत्न केला. दर फेऱ्याला हात पुढंमागं होतो. अवघड तर वाटत नाही, मग बसत का नाही?

उत्तर : तुमच्या हाताचा दोष नाही. तुम्ही चारात धरताय आणि धून पाचाची आहे. लालो शिफ्रिन यांनी १९६६मध्ये टीव्ही मालिकेसाठी ती केली, सिनेमे नंतरचे. पाचाच्या दुपटीत मोजा, म्हणजे दहा मात्रा. झपताल दहाचाच, पण तो दोन-तीन-दोन-तीन असा चालतो. इथे विभागणी तीन-तीन-दोन-दोन अशी आहे. आधी हलगी बाजूला ठेवून तोंडानं म्हणा : तकिट तकिट तक तक, तकिट तकिट तक तक. प्रत्येक बोलाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. तोंडात बसलं की टिपरू हातात घ्या.

दोन लांब पावलं आणि लगेच दोन आखूड. फेरा संपताना पाऊल आखडतं, त्यामुळे ऐकणारा पुढच्या फेऱ्यात ढकलला जातो. लय तसूभरही वाढलेली नसते, तरी घाई झाल्यासारखी वाटते. १९९६च्या सिनेमाच्या वेळी 'यू टू' बँडच्या दोघांनी याच धुनेची नाचासाठी आवृत्ती केली, तेव्हा ती चारात बसवली. पाय थिरकले, पण ती ढकल गेली. मला मूळचीच आवडते.

हे जमलं की आणखी एक तकिट जोडा : तकिट तकिट तकिट तक तक. झाले तेरा. १९८४च्या 'टर्मिनेटर'साठी ब्रॅड फिडेल यांनी जो ठोका केला, तो हाच. तिथे वाद्यवृंद नाही, सगळं सिंथेसायझरवर आहे. पण हलगीच्या कातड्यावर तो तेराचा ठोका ऐकायची माझी फार इच्छा आहे. बसला तर रेकॉर्डिंग पाठवाच.

प्रश्न : माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. माळेगावच्या यात्रेत तंबू लागायचा आणि मी मशीनपाशी बसून सिनेमे बघायचो. तेव्हापासूनचं कुतूहल आहे : संगीताचा दणका नेमका ठोशावर कसा पडतो? वाजवणाऱ्यांना सिनेमा दिसतो का? – परभणी

उत्तर : तुम्ही रीळ हाताळलंय, तेव्हा तुम्हाला हे पटकन उमगेल. सेकंदाला २४ चौकटी सरकतात. समजा, संगीतकारानं दर १२ चौकटींना एक ठोका धरला. म्हणजे मिनिटाला १२० ठोके. वाद्यवृंदाच्या कानात हेडफोन असतात आणि त्यात याच गतीनं टिक टिक चालू असते. पूर्वी त्यासाठी फिल्मच्या ध्वनिपट्टीवर मोजून बारीक भोकं पाडत. मशीनमधून फिल्म गेली की भोकागणिक टिक वाजायची. वाद्यवृंद चालवणाऱ्यासमोर सिनेमा दाखवला जाई आणि त्या फिल्मवर तिरकी रेघ ओरखडलेली असे. रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत जायची आणि दुसऱ्या काठाला टेकली की तिथे दणका. आता ही कामं कॉम्प्युटर करतो, तत्त्व तेच आहे.

आता गणित बघा. पहिल्या टिकेपासून साडेसात सेकंदांनी ठोसा असेल, तर झाल्या १८० चौकटी. बाराचे बरोबर पंधरा भाग. सोळावी टिक ठोशावर पडते, वाद न घालता. पण ठोसा सव्वासात सेकंदांनी असला तर? १७४ चौकटी, म्हणजे साडेचौदा भाग. ठोसा दोन ठोक्यांच्या मधोमध लटकतो. मग संगीतकार कुठेतरी अर्ध्या ठोक्याचं आवर्तन घुसवतो, नाहीतर चाराचे साडेतीन करतो. आधीच्या पत्रातल्या हलगीवाल्यांना मी जे सांगितलं, त्याचं एक कारण इथे आहे. ॲक्शनच्या संगीतात आवर्तनं वेडीवाकडी असतात, त्याला पडद्यावरच्या हाणामारीची वेळही जबाबदार असते. पडदा काढून घेतला तरी त्या वळणाच्या जागा संगीतात तशाच राहतात. मला त्या ऐकायला फार आवडतात. बेसावध कानाला अचानक खाच लागते आणि कळतं की इथे काहीतरी घडलं होतं.

सगळ्यात हिमतीची जागा मात्र संगीत थांबवण्याची. 'बुलिट' (१९६८) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर मोटारींचा लांबलचक पाठलाग आहे. संगीत वर सांगितलेल्या लालो शिफ्रिन यांचंच. दोन्ही गाड्या एकमेकींना जोखत हळू चालल्या आहेत तोवर संगीत आहे. खरा पाठलाग सुरू झाला की संगीत बंद, पुढे फक्त इंजिनं आणि टायर. आजच्या बहुतेक सिनेमांत तिथे चाळीस ढोल बडवले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई. सिनेमासाठी केलेलं संगीत सिनेमापासून तोडलं, तर ते अर्धंच उरत नाही का? आपल्याकडे गाणी ऐकायची रीत आहे, असलं काही ऐकायची नाही.

उत्तर : गुरुजी, रीत आहे, आपण तिच्याकडे लक्ष दिलं नाही. 'शोले' आला १९७५ला. त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि तुफान खपल्या. लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, गणपतीत त्या भोंग्यावर लागायच्या. पडदा नसताना माणसं तो सिनेमा कानांनी बघायची आणि संवादाबरोबर राहुलदेव बर्मन यांचं पार्श्वसंगीतही कानात जायचं. जय ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि राधा एकेक दिवा मालवते, ती भानु गुप्तांनी वाजवलेली धून आठवायला तुम्हाला पडदा लागतो का?

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. दचकवण्यासाठी टाकलेले नुसते झटके, दोन मिनिटं एकच जाड सूर धरून ठेवलेले तुकडे, यांना पडद्याविना अर्थ नसतो. अल्बममध्ये ते आले की मी सरळ पुढे जातो. पण ज्या तुकड्याला स्वतःची चढण आणि स्वतःचा शेवट आहे, तो मैफलीतल्या चिजेसारखा बसून ऐकावा असा असतो. वर सांगितलेला वाळवंटातला पाठलाग तुम्ही एकदा डोळे मिटून, सलग ऐका आणि मला पुन्हा लिहा. तुमचं मत मला हवं आहे.

प्रश्न : दादा, आमच्याकडं लाइट रातीची असती. मोटर चालू करून शेतात बसतो तवा मोबाइलवर हे लावतो. थेटरात जे पोटात घुमायचं ते मोबाइलात ऐकूच येईना. नवा स्पीकर घ्यावा का? – केज, जि. बीड

उत्तर : भाऊ, डबल बास नावाच्या मोठ्या तंतुवाद्याचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो. मोबाइलचा बोटभर स्पीकर तेवढी हवा हलवू शकत नाही. त्या सुराबरोबर वरचे बारीक सूर निघतात, तेवढेच तुमच्यापर्यंत पोचतात. साधा वायरचा, कानात घट्ट बसणारा इअरफोन लावला तरी खालचा घुमारा बराचसा येईल. नव्या स्पीकरचा खर्च कशाला? फोनमध्ये 'बास बूस्ट' चालू असेल तर बंद करा. त्यानं ढोल फुगतो आणि त्याखाली चेलो गाडले जातात.

पण रातच्याला शेतात दोन्ही कान बंद करून बसू नका. एकाच कानात घाला, दुसरा मोटरीकडे आणि पायाखालच्या सळसळीकडे राहू द्या. एकाच कानात घालणार असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. नाहीतर अर्धा वाद्यवृंद दुसऱ्या कानाच्या वायरीत अडकून पडेल.