वाचक विचारतात: इटलीला घरी बसवणारे हे कोण?

प्रश्न: २०२२ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतच इटलीला बाहेर काढणारा उत्तर मॅसेडोनिया मध्येच कुठून उगवला? तिथे फुटबॉल नवीन आहे का?

उत्तर: देश नवीन, फुटबॉल जुना. १९९१ पर्यंत हा भाग युगोस्लाव्हियात होता, त्यामुळे इथला पोरगा चांगला खेळायला लागला की जर्सी युगोस्लाव्हियाची आणि जरा गाजला की क्लब राजधानी बेलग्रेडचा, मग जगाला मॅसेडोनिया दिसणार कुठून? स्ट्रायकर दार्को पान्चेव्हचंच घ्या. मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्येचा, तिथल्याच वार्दार क्लबात घडलेला, मग बेलग्रेडच्या रेड स्टारमध्ये गेला. २९ मे १९९१, बारी शहर, युरोपियन कपची (आताची चॅम्पियन्स लीग) फायनल, समोर फ्रान्सचा मार्सेय. १२० मिनिटं खेळून ०-० (मॅच भयानक रटाळ, हे माझं मत). पेनल्टीत मार्सेयची पहिलीच किक अडवली गेली, रेड स्टारच्या चारही आत, आणि पाचवी मारायला आला पान्चेव्ह. त्यानेही मारली आणि कप बेलग्रेडला गेला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला त्याच्या गावचे लोक स्वातंत्र्यासाठी मत द्यायला उभे होते!

त्या सीझनला लीगमध्ये त्याचे ३४ गोल होते, युरोपच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला मिळतो तो गोल्डन बूट त्याचाच, पण सायप्रसवाले म्हणाले आमच्या एकाने ४० मारलेत, त्या भांडणात बूट अडकला तो पठ्ठ्याच्या हातात पडला थेट २००६ मध्ये.

प्रश्न: १९८७ ची युगोस्लाव्ह लीग वार्दारने जिंकली असं काही ठिकाणी वाचलं, काही ठिकाणी पार्टिझान लिहिलंय. खरं काय?

उत्तर: रेकॉर्डला पार्टिझान, म्हणजे बेलग्रेडचाच दुसरा क्लब. पण मजा ऐका. आदल्या सीझनच्या शेवटच्या राऊंडला मॅच फिक्सिंगचा संशय आला, म्हणून फेडरेशनने १० क्लबांचे पुढच्या सीझनचे ६-६ पॉइंट कापले. वार्दार त्यात नव्हता. सीझन संपला तेव्हा वार्दार ३८, पार्टिझान ३७, म्हणजे स्कोप्येवाले चॅम्पियन! मग प्रकरण कोर्टात गेलं, कापलेले पॉइंट परत मिळाले, पार्टिझान ४३ वर आणि टायटल त्यांचं. तरी युरोपियन कपला वार्दारच गेला आणि तिथे पहिल्याच राऊंडला गाठ कोणाशी, तर पोर्तुगालच्या गतविजेत्या पोर्तोशी. इकडे ०-३, तिकडेही ०-३. त्यामुळे वार्दारच्या कपाटात तेव्हाचं मोठं म्हणावं असं एकच, १९६१ चा युगोस्लाव्ह कप.

प्रश्न: स्वतंत्र झाल्यावर मोठ्या स्पर्धेत यायला एवढी वर्षं का लागली?

उत्तर: पहिली मॅच १३ ऑक्टोबर १९९३ ला स्लोव्हेनियात, क्रान्यला, ४-१ ने जिंकली. फिफा-युएफामध्ये १९९४ ला आले, तेही लांबलचक नावाने, कारण 'मॅसेडोनिया' या नावावर ग्रीसचा आक्षेप, तो मिटला २०१९ ला 'उत्तर' जोडल्यावर. जेमतेम १८ लाखांचा देश, मोठ्या टीमना अधूनमधून चटका द्यायचे आणि परत गप्प. २००२ ला साउथॅम्प्टनमध्ये आर्तिम शाकिरीने कॉर्नर मारला, इंग्लंडचा गोलकीपर सीमन मागे मागे सरकत गेला आणि बॉल डायरेक्ट जाळ्यात, इंग्लंडशी २-२. असे किस्से भरपूर, पण पॉइंट टेबलात पुरेसे नाहीत.

दार उघडलं युरोपातल्या देशांच्या नेशन्स लीगने, सगळ्यात खालच्या गटालाही युरोची (युरोपच्या देशांच्या चॅम्पियनशिपची) एक जागा ठेवली होती ना, तिथून. १२ नोव्हेंबर २०२०, तिबिलिसी, जॉर्जियाविरुद्ध १-०, गोल गोरान पांदेवचा, वय ३७! स्ट्रुमित्साचा हा माणूस २०१० च्या तीन ट्रॉफीवाल्या इंटर या इटालियन क्लबात होता. युरोत तिन्ही मॅच हरले, पण ऑस्ट्रियाला पांदेवने गोल मारलाच, आणि ॲमस्टरडॅमला शेवटच्या मॅचमध्ये तो बाहेर येताना टीमने दोन्ही बाजूंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

प्रश्न: मग इटलीविरुद्धचा तो गोल म्हणजे नशीब?

उत्तर: थोडं नशीब होतंच, इटलीने पूर्ण मॅच गोलवर धडका मारल्या. पण उत्तर मॅसेडोनियाच्या ट्रायकोव्स्कीने ९२ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून खालून जो फटका मारला तो काही चुकून लागत नाही. आणि मैदान कुठलं, तर इटलीतल्या पालेर्मोचं, जिथे तो चार वर्षं क्लबकडून खेळला होता, म्हणजे स्वतःच्याच जुन्या घरी येऊन यजमानाला उठवलं. पाच दिवसांनी पोर्तुगालकडून ०-२ हरले. वर्ल्ड कपला तेही नाही गेले.