सरकारी रुग्णालयांत पीनसाचे रुग्ण किती आढळतात आणि हा रोग कशामुळे होतो?

आपल्या मावसबहिणीला सोलापुरात पीनसाचे, म्हणजे नाक आतून झिजून त्यात दुर्गंधी खपल्या धरणाऱ्या ॲट्रोफिक ऱ्हायनायटिसचे, निदान झाले आणि ओपीडीत तिच्याच वयाच्या आणखी मुली त्याच तक्रारीसाठी बसलेल्या दिसल्या, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. मी याच शहरात कान-नाक-घशाचे रुग्ण तपासतो.

ओपीडीतील गर्दीवरून गावातले प्रमाण काढता येत नाही. सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून थेट कर्नाटकातल्या इंडीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि जुनाट आजारच मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. ॲलर्जीची सर्दी जगभर 10 ते 30 टक्के लोकांना होते असे मानले जाते. तिच्या तुलनेत पीनस फारच थोड्यांना होतो. त्यातही गंमत अशी, की रुग्णाची वासाची जाणीवच गेलेली असल्यामुळे दुर्गंधी घरातल्या सगळ्यांना येते, पण तिला स्वतःला येत नाही. शाळेत शेजारी कोणी बसेनासे झाले किंवा लग्नाची बोलणी सुरू झाली, की मग घरचे तिला घेऊन येतात. म्हणून रुग्णालयाच्या नोंदीत वाढलेला रोगच जास्त दिसतो आणि सुरुवातीचा बहुधा निसटतो.

तपासताना नाकातून हिरवट-काळसर खपली निघते, कधी नाकाच्या पोकळीचा साचा काढावा तशी अख्खी, आणि तिच्याखाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. आतले टर्बिनेट, म्हणजे हवा गरम व ओलसर करणारे मांसल उंचवटे, झिजल्यामुळे पोकळी प्रशस्त झालेली असते. तरीही रुग्ण नाक चोंदल्याचीच तक्रार करतो, कारण खपल्या वाट अडवतात आणि हवेचा स्पर्श कळवणारे मज्जातंतूही निकामी झालेले असतात.

कारण एकच सांगता येत नाही. प्राथमिक प्रकार, म्हणजे दुसऱ्या आजारामागून न येता आपोआप होणारा, वयात येणाऱ्या मुलींत अधिक दिसतो. आनुवंशिकता, संप्रेरके, लोह आणि अ व ड जीवनसत्त्वांची कमतरता यांकडे बोट दाखवले जाते. क्लेबसिएला ओझेनी हा जिवाणू खपल्यांत सापडतो, पण रोग तो सुरू करतो की झिजलेल्या नाकात नंतर वस्तीला येतो, हा वाद जुना आहे. उष्ण, कोरड्या हवेत आणि गरिबीत हा रोग जास्त आढळतो, हे मात्र सर्वमान्य आहे. यंत्रमागाची धूळ किंवा विडीची तंबाखू यांना आपल्याकडे लगेच दोष दिला जातो. नाकाला त्यांचा त्रास होतो हे खरे, पण तेवढ्यावरून त्यांना पीनसाचे मूळ ठरवणे मला पटत नाही.

दुय्यम प्रकार वेगळा आहे. कुष्ठरोग, क्षय, सिफिलिस, रेडिएशन किंवा टर्बिनेट गरजेपेक्षा जास्त कापण्याची शस्त्रक्रिया यांमागोमाग तो येतो. म्हणून बहिणीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, अंगावर बधिर चट्टा आहे का ते डॉक्टरांना पाहू द्या आणि पूर्वी नाकाची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कागद सोबत न्या.

उपचाराचा कणा म्हणजे नाक धुणे: खाण्याचा सोडा एक भाग, टाकणखार एक भाग आणि मीठ दोन भाग यांची पूड उकळून कोमट केलेल्या पाण्यात मिसळून, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. महिनाभरात वास कमी झाला की बहुतेक जणी धुणे सोडतात आणि खपल्या पुन्हा धरतात. शिवाय वासाने माश्या येऊन नाकात अळ्या पडण्याचा धोकाही तेव्हाच असतो.