वाचकांचे प्रश्न : हार घातलेला फोटो

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या वडिलांचा अमृतमहोत्सव झाला. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला, तेव्हाचा गळ्यात हार असलेला त्यांचा फोटो मी फेसबुकवर टाकला. अर्ध्या तासात एका नातेवाइकांनी खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले आणि माझ्या लक्षात येईपर्यंत अकरा जणांनी तेच लिहिले होते. बाबांनी ते स्वतः वाचले आणि तेव्हापासून ते मोबाइल हातात घेत नाहीत. माणसे न वाचता असे कसे लिहितात? मी आता काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : बाबांच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना करूनच वाईट वाटते. पत्रासोबत पाठवलेला मजकूर मी वाचला. त्याची सुरुवात ‘आमचे आधारवड, ज्यांनी आयुष्यभर कुटुंबासाठी कष्ट उपसले’ अशी आहे आणि वाढदिवसाचा उल्लेख अगदी शेवटच्या ओळीत आहे. लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच फेसबुकवर दिसतात, उरलेल्या वाचायच्या तर बोटाने उघडाव्या लागतात. त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला फक्त हार, एकट्या माणसाचा फोटो आणि भूतकाळातले गुणगान दिसले, आणि आपल्याकडे चौकाचौकांत लागणाऱ्या श्रद्धांजलीच्या फलकाची मांडणी नेमकी अशीच असते. पहिल्याची चूक झाली ती इथे. पुढच्या दहा जणांनी तर बहुधा तुमचा मजकूर नव्हे, पहिल्याची प्रतिक्रियाच वाचली. दुःखाच्या प्रसंगी आपण मागे राहू नये, हा आपल्यावरचा जुना संस्कार आहे, म्हणून त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र दारी जाऊन भेटण्याची जागा दोन शब्दांनी घेतली की खातरजमा करण्याची वेळच येत नाही, हे मला फार खटकते.

न वाचता व्यक्त होण्याची सवय केवळ आपल्याच नातेवाइकांची नाही. ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या दुव्यांविषयी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५९ टक्के दुवे कोणी उघडलेच नसल्याचे आढळले. पुढे २०२० मध्ये, लेख न उघडता पुढे पाठवू पाहणाऱ्याला ‘आधी वाचायचे आहे का?’ असे विचारण्याची सोय ट्विटरने करून पाहिली. आपल्याकडे या घाईची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. तुमच्या घरचा प्रसंग आणि राईनपाड्याची घटना यांची तुलना होऊ शकत नाही, पण पुढच्याने मागच्याचे पाहून खरे मानायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

आता तुमच्यापुरते. ती पोस्ट काढून टाका. खाली खुलासे लिहीत बसू नका, कारण प्रत्येक नव्या प्रतिक्रियेबरोबर ती पोस्ट आणखी लोकांसमोर येण्याची शक्यता वाढते. कोणाला चारचौघांत बोल लावू नका. ज्या नातेवाइकांनी पहिल्यांदा लिहिले त्यांना फोन करा आणि बाबांशी बोलायला सांगा, जमल्यास घरी चहाला बोलवा. गल्लीतले जे असतील त्यांनाही तसेच. बाबांना बरे वाटेल ते त्यांच्या आवाजाने, लेखी दिलगिरीने नव्हे. त्यानंतर बाबांची हरकत नसेल तरच नवा फोटो टाका, हार काढून ठेवलेला, नातवंडांबरोबर हसत बसलेला, आणि पहिली ओळ एवढीच लिहा : ‘आमचे बाबा ७५ वर्षांचे झाले.’